मन्मथअप्पांचा पाचवा रकाना

मन्मथअप्पांच्या दुकानात चार घड्याळं आहेत आणि त्यांतलं एकही आमच्या गावाची वेळ दाखवायला लावलेलं नाही. पहिल्याखाली खडूनं लाहोर लिहिलंय, दुसऱ्याखाली काठमांडू, तिसऱ्याखाली ढाका आणि चौथ्याखाली कोलंबो. आता हे दुकान काही विमानतळावर नाही. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या एका गावात, एसटीच्या थांब्यासमोर आहे आणि तिथं कोयते, दोर, ताडपत्र्या, पत्र्याच्या बादल्या आणि पाण्याचे निळे ड्रम मिळतात. दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात, त्यांना लागणारा सगळा माल. कोयता घ्यायला आलेल्या माणसाला काठमांडूत किती वाजले हे कळून काय उपयोग, असं मी अप्पांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मंग न कळून काय उपेग?"

घड्याळं नवीन लागली त्या आठवड्यात मला तालुक्याला मीटिंग होती. मी इथल्या उपकेंद्राचा आरोग्य सेवक. गाव मला डॉक्टर म्हणतं. मी नाही म्हणणं कधीच सोडून दिलंय. दुकानातल्या पहिल्या घड्याळाकडं पाहिलं, एसटीला अजून अर्धा तास आहे असं दिसलं, म्हणून निवांत बसून चहा प्यायलो. एसटी मी येण्याआधीच गेली होती. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली गेली. परत येऊन मी अप्पांवर उखडलो, "तुमचं घड्याळ अर्धा तास मागं आहे!"

"मागं न्हाई, डाक्टर. लाहोरला तेवडेच वाजलेत."

"आणि आपल्या वेळेचं घड्याळ कुठंय?"

"कोलंबोचं बघा की. तिथं आन् आपल्याकडं एकच टाइम हाय."

तेव्हापासून गावातली शहाणी माणसं काठमांडूचं घड्याळ बघून एसटी धरतात. ते पाव तास पुढं असतं. आमच्या गावात एसटी चुकण्याचं प्रमाण अप्पांमुळं कमी झालं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

पण घड्याळं परवडली. खरी डोकेदुखी म्हणजे दुकानाबाहेरचा फळा.

अप्पा पहाटे उठतात, आंघोळ करतात, कपाळाला विभूती लावून इष्टलिंगाची पूजा करतात आणि मग मोबाइल घेऊन बसतात. हा मोबाइल त्यांच्या पुण्याच्या लेकीनं घेऊन दिलेला. काकू कोरोनात गेल्या, अप्पा घरात एकटे पडले, तेव्हा लेकीला वाटलं की बाप निदान नातवंडांचे फोटो बघेल. बापानं शेजारची राष्ट्रं बघायला सुरुवात केली. गाव म्हणालं, करमत नसंल म्हाताऱ्याला. मीही तेच म्हणालो.

शेजारच्या राष्ट्रांतलं बाकी काही अप्पांना नको असतं. निवडणुका नको, क्रिकेट नको, लढाया तर नकोच. त्यांना एकच हवं असतं, तिथं कुठला आजार आलाय आणि तिथले पेपरवाले, टीव्हीवाले तो कसा सांगतायत. आधी कोरोना होता, अलीकडं डेंग्यू. सकाळी साडेनवाच्या आत, म्हणजे कोलंबोच्या साडेनवाच्या आत, फळा भरलेला असतो. त्यावर पाच रकाने. एखाद्या दिवशी असं वाचायला मिळतं: 'लाहोर – डासांवरून मंत्र्याची खरडपट्टी. काठमांडू – तराईतल्या जिल्ह्यांची नावं एकेक करून वाचली, आवाज शांत. ढाका – दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा, खाटेला मच्छरदाणी. कोलंबो – घरात पाणी साचलेलं सापडलं तर दंड.' पाचव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'आपलं गाव'. त्याच्या खाली काही नसतं.

हे सगळं त्यांना कळतं कसं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उर्दू त्यांना वडिलांनी शिकवली, वडील निजामाच्या शाळेत शिकलेले. नेपाळीची अक्षरं आपलीच असतात, त्यामुळं निम्मं वाचता येतं आणि निम्मं ते मनानं ठरवतात. बंगालीतले फक्त आकडे शिकलेत. एका बैठकीत, एक ते नऊ आणि शून्य. कोलंबोचं अक्षरही कळत नाही, पण तिथं टीव्हीवर नकाशा दाखवतात आणि त्यात जिल्हे तांबडे होतात. "तांबडं सगळ्या भाषेत तांबडंच आसतंय," अप्पा म्हणतात.

उर्दूतला अवघड शब्द आला की अप्पा रस्ता ओलांडून समोर बाबूमियाँ शिंप्याकडं जातात. बाबूमियाँ आणि अप्पा एका वर्गातले. बाबूमियाँना लाहोरच्या बातम्यांत काडीचा रस नाही. ते मशीन न थांबवता म्हणतात, "अप्पा, मेरेकू पैजामा सीने देव." मग अर्थ सांगतात आणि पैजाम्याची शिवण वाकडी गेली म्हणून अप्पांना बोल लावतात.

अप्पांचा एक सिद्धांत आहे आणि तो मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. "डाक्टर, लाहोरवाला आपल्याकडच्या तापाची बातमी लई चवीनं सांगतो बगा. आन् आपला टीव्हीवाला लाहोरच्या तापाची. सोताच्या घरात ताप आला की आवाज बारीक, शेजाऱ्याच्या घरात आला की लाउडपीकर. मंग खरं कळायचं तर कावून सोताच्या घरात बसायचं? शेजाऱ्याला इचारायचं."

'शेजाऱ्याला इचारा' हे त्यांचं पालुपद. गिऱ्हाइकानं विचारावं, हा दोर टिकंल का, तर अप्पा म्हणणार, "तुज्या शेजाऱ्याला इचार, त्यानं मागल्या साली नेलता." एकदा मी सहज म्हणालो, अप्पा, तब्येत कशी आहे? त्यांनी समोर बोट दाखवलं. "शेजाऱ्याला इचारा." मी काय करणार, विचारलं. बाबूमियाँ म्हणाले, "अच्छे हैं, मगर रातकू खांसते. सोते नहीं."

इथवर ठीक होतं. माझा जीव जायचा तो पाचव्या रकान्यानं. मी दुकानासमोरून जायला लागलो की अप्पा खडू हातात घेऊन उभे. "डाक्टर, आपल्या गावचं सांगा."

मी सांगायचो, "निरंक."

ज्यांचा सरकारी कागदाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोज संध्याकाळी मला तालुक्याला कळवावं लागतं की आज गावात अमुक रोगाचे इतके रुग्ण, इतके मृत्यू. काहीच नसेल तर निरंक असं कळवायचं. फार सोयीचा शब्द आहे. तो कळवला की कुणाचा फोन येत नाही, कुणी तपासायला येत नाही, उपाययोजना का केली नाही असं कुणी विचारत नाही. अप्पांना मात्र ह्या शब्दाचं वावडं. मी निरंक म्हणालो की ते खडू खिशात घालायचे आणि रकाना तसाच मोकळा ठेवायचे. लिहायचे नाहीत. "त्यो शब्द माज्या फळ्यावर येनार न्हाई," एवढं म्हणून आत जायचे. रोज. पाऊस असो, ऊन असो, रोज. मी दुसऱ्या गल्लीतून जायला लागलो तर दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

यंदा गणपती उठले आणि गावात तापाची साथ आली. मी घरोघर हिंडलो, रक्ताचे नमुने घेतले, ते जिल्ह्याला पाठवले. जिल्ह्याचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि अहवाल येत नाही तोवर नियमानं तो रुग्ण संशयित असतो. संशयित म्हणजे डेंग्यूचा रुग्ण नव्हे. डेंग्यूचा रुग्ण नाही म्हणजे निरंक. मी रोज संध्याकाळी तसं कळवत होतो.

त्यात बाबूमियाँ पडले. अंग फणफणलं, डोळे लाल, सांध्यांत ठणका. मी जाऊन नमुना घेतला. बाहेर येतो तर अप्पा उभे.

"बाबूमियाँचं काय?"

"संशयित."

"त्याला उटून बसता येईना, आन् तुमी अजून संशयच घ्या."

दोन दिवसांनी बाबूमियाँच्या जावयानं जीप आणली आणि त्यांना नगरला नेलं. आमच्या गावाला बीडपेक्षा नगर जवळ, त्यामुळं जड पेशंट नेहमी तिकडंच जातो. तिथल्या दवाखान्यानं डेंग्यू आहे, पेशी उतरल्यात, असं सांगून ठेवून घेतलं. अप्पा त्या दिवशी दुकान उघडून बसले, पण फळा भरला नाही. समोरच्या मशीनवर झाकलेल्या कापडाकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उपकेंद्रात आले. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उपकेंद्राची पायरी चढली असेल.

"आपल्या गावचं सांगा."

"अप्पा, बाबूमियाँचा तपास नगरला झाला. ते त्यांच्या वरच्या ऑफिसला कळवणार, ते बीडला, बीडवाले तालुक्याला आणि तालुका मला. कागद आला की मी धरीन."

"कवा यील?"

"येईल की. कागदाला पाय थोडेच असतात?"

"मी नगरच्या दवाखान्यात फोन केलता. त्यो बाबू म्हनला, पेशंट बीड जिल्ह्याचा हाय, आमच्या यादीत धरायचा न्हाई. तुमी म्हनता नगरात हाय, आमच्यात धरायचा न्हाई. मंग बाबूमियाँ सध्या कोन्या देशात हाय?"

मी म्हणालो, अप्पा, मला कामं आहेत. ते गेले. दुपारी एसटी आली तेव्हा थांब्यावर उतरलेली सगळी माणसं फळ्यासमोर गोळा झालेली. चारही देशांचे रकाने पुसून टाकलेले आणि पाचव्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'आपलं गाव – बाबूमियाँ डेंग्यूनं नगरला. कुठं मोजला?'

अर्ध्या तासात सरपंचांचा फोन आला. "ओ डॉक्टर, त्यो फळा पुसून घ्या आदी! ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या हायत. गावात डेंग्यू हाय म्हनून मुकादमाला कळलं तर त्यो दुसऱ्या गावच्या टोळ्या उचलील. लोकांनी काय करायचं मंग? आन् तालुक्यावाले आले तर पयलं कुनाला धरतेल? तुमालाच ना?"

सरपंचांचं काही खोटं नव्हतं. वर माझी मानही त्यात अडकलेली. रोज निरंक कळवणाऱ्या माणसाच्या गावात फळ्यावर डेंग्यू! मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी ठरवलं, आज ह्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचंच. आणि ते कसं करायचं तेही मला माहीत होतं.

आम्ही घरोघर जाऊन साठवलेलं पाणी तपासतो. टॉर्च मारून रांजण, टाकी, ड्रम बघायचा, डासाच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायचं आणि भिंतीवर तारीख टाकायची. ड्रम आणि बादल्या विकणाऱ्या माणसाच्या घरात अळ्या सापडणार नाहीत तर कुठं? मग मी बाहेर येऊन थांब्यावरच्या लोकांसमोर सांगणार होतो की पहिला डास ह्यांच्याच घरातून उडाला. मी टॉर्च घेतली आणि तरातरा निघालो.

दुकानाच्या मागंच अप्पांचं घर. त्यांनी मुकाट्यानं दार उघडलं. "बगा," म्हणाले. मी बघितलं. विकायचे सगळे ड्रम पालथे. बादल्या पालथ्या. रांजणाला फडकं बांधलेलं. माठावर झाकण. न्हाणीघरातला हौद घासून कोरडा. कोलंबोत दंड असतो ना! मी कूलर उघडला, तो पुसून ठेवलेला. फुटका टायर, नारळाची करवंटी, काही नाही. माझा पारा चढत गेला.

शेवटी परसात, खिडकीच्या कट्ट्यावर, चिमण्यांना पाणी ठेवायची मातीची थाळी दिसली. टॉर्च मारली. अळ्या! वळवळणाऱ्या, झकास अळ्या! मी इतक्या वर्षांच्या नोकरीत अळ्या बघून कधी एवढा खूश झालो नव्हतो. ओरडलोच, "अप्पा, ह्या काय? ह्या काय मग?"

अप्पा वाकले, चष्मा वर केला, नीट बघितलं. चेहरा एकदम पडला. "ती तिनं ठिवल्याली थाळी हाय," ते हळू म्हणाले. "रोज पानी टाकतो मी. वतून घासायचं सुचलंच न्हाई. कमी झालं की वरून टाकायचं, एवडंच." मग घाईघाईनं म्हणाले, "थांबा, फडकं आनतो," आणि आत गेले.

मी जिंकलो होतो, पण कुणाला सांगावं असं वाटेना. भिंतीवर तारीख टाकायला खडू हवा म्हणून मी खोलीत गेलो. फडताळात काकूंचा फोटो होता, त्याला ताजं फूल. फोटोसमोर प्लास्टिकच्या पिशवीत दोन वर्तमानपत्रं, जुनी, पिवळी पडलेली. लाहोर किंवा ढाक्याचं काहीतरी असणार, म्हणून बघितली. एक आमच्या जिल्ह्याचं होतं, दुसरं नगरचं. दोन्हींवर एकच तारीख, कोरोनातली. दोन्ही पेपर आतल्या पानावर दुमडलेले. नगरच्या पेपरात तालुक्यांची यादी होती, तिच्याभोवती पेन्सिलीनं चौकट. आमच्या जिल्ह्याच्या पेपरात गाववार यादी होती. तिच्यात आमचं गाव, आणि गावापुढं नुसती आडवी रेघ.

अप्पा फडकं घेऊन आले ते दारातच थांबले.

"तिला नगरला नेलतं," ते म्हणाले. "तुमी व्हताच की गाडीपाशी. तिसऱ्या दिवशी गेली. तिकडंच सगळं उरकलं, मला तोंड बी दावलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पेपर आनले, आपल्या जिल्ह्याचा आन् शेजारच्या जिल्ह्याचा. म्हनलं, कुटंतरी एक आकडा तिचा आसंल. नगरवाल्यानं बीडची मान्सं धरली न्हवती. आपल्याकडं रेघ. मंग म्हनलं, उद्या छापतील. रोज बगितलं. मंग पोरीनं ह्यो मोबाइल दिला, त्यात सगळ्या मुलकाचे पेपर दिसतेत. बगत गेलो."

"अप्पा," मी म्हणालो, "लाहोरच्या पेपरात काकू कशा सापडतील?"

"तेवडं कळतं मला, डाक्टर. येडा न्हाई मी." ते खाली बसले. "पर सवय लागली. आन् एक हाय, तिथं ढाक्यात नाहीतर काठमांडूत कुनाचा आकडा छापलेला दिसला की बरं वाटतं. म्हनतो, चला, ह्याला कुनीतरी मोजला."

मी त्या रेघेकडं बघत होतो. ती रेघ पेपरवाल्यानं ओढली नव्हती. त्याला तालुक्यानं सांगितलं होतं आणि तालुक्याला मी. त्या संध्याकाळी तालुक्याचा फोन आला, तुमच्या गावचं सांगा. काकूंना गाडीत बसवताना मी स्वतः त्यांच्या हाताला धरलं होतं. त्या गेल्याचं दुपारीच कानावर आलेलं. पण नगरचा कागद आला नव्हता. मी म्हणालो होतो, निरंक. नियमानं ते बरोबर होतं. नियम आजही दाखवून देईन. पण त्या खोलीत मला अप्पांच्या तोंडाकडं बघता येईना. लाज वाटली, हेच खरं.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं? की मीच..."

"तुमच्याबिगर गावचं कोन कळवितंय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाही मला?"

अप्पांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "रोज इचारतोच की," ते म्हणाले. "आपल्या गावचं सांगा म्हनून."

मी फळा न पुसताच उपकेंद्रात आलो. बाबूमियाँच्या जावयाला फोन करून दवाखान्याचा कागद मोबाइलवर मागवला. नगरच्या त्या बाबूला फोन केला, त्याच्याशी वीस मिनिटं भांडलो. म्हणालो, तुम्ही धरू नका, मी धरतो, फक्त कागदावर शिक्का मारून द्या. संध्याकाळी तालुक्याचा फोन आला. मी सांगितलं, डेंग्यू, एक, राहणार आमच्या गावचा, उपचार नगरला. बाकी तापाचे घरनिहाय सगळे संशयित, यादी पाठवतो. पलीकडचा माणूस म्हणाला, "अहो, तुमचं तर रोज निरंक असतं." मी म्हणालो, "आज नाही."

दुसऱ्या दिवशी तालुक्याची गाडी आली, धुराचं मशीन आलं, साहेब आले आणि त्यांनी मला सगळ्यांदेखत जे बोलायचं ते बोलून घेतलं. सरपंच अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. एक मुकादम खरोखर दुसऱ्या गावची टोळी घेऊन गेला. ती माणसं दहा-बारा दिवस घरी बसली आणि येता-जाता मला शिव्या देत होती, हे मी लपवत नाही. पण तापाची माणसं उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत जाऊन पडायच्या ऐवजी गावात बरी झाली, मगच गेली.

पंधरवड्यानं बाबूमियाँ परत आले. जीपमधून उतरले, काठी टेकत फळ्यापाशी गेले आणि तिथंच थबकले. "अप्पा! मेरा नाम कोलंबो के बाजूकू कायकू लिखे?" अप्पा इतके हसले की ठसका लागला. मग आत जाऊन तोंड धुऊन आले आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढला नाही. बाबूमियाँनी मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं आणि पहिल्याच दिवशी अप्पांना बोल लावला, तुमच्या दुकानाची धूळ सगळी माझ्या मशीनवर.

त्या संध्याकाळी मी दुकानासमोरून निघालो होतो. अप्पा गिऱ्हाइकाला ताडपत्री मोजून देत होते. फळ्याखाली खडू पडलेला. मी तो उचलला आणि पाचव्या रकान्यात, अगदी तळाशी, लिहिलं: 'शिवकांता मन्मथअप्पा.' पुढं तारीख टाकली. ती मला कुणाला विचारावी लागली नाही. सरकारी कागदात ते नाव आता चढत नाही. मी तालुक्याला जाऊन विचारून पाहिलं होतं. तिथं मला, आता ते सगळं मिटलंय, असं उत्तर मिळालं.

अप्पा गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. चष्मा लावला. एकदा वाचलं, मग फळ्याला न टेकवता एकेक अक्षरावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "च्या घेता का?" मी घेतला. आम्ही दोघांनी आणि समोरून उठून आलेल्या बाबूमियाँनी चहा घेतला. त्या संध्याकाळी अप्पांनी मोबाइलवर लाहोर लावलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळं पूर्ववत. माझी सुटका झाली असं समजू नका. अप्पा ओल्या फडक्यानं चार देश पुसतात, पाचव्या रकान्याचं वरचं निम्मं पुसतात आणि तळाची ओळ तेवढी सोडून देतात. अवकाळी पाऊस आला तेव्हा त्यांनी विकायच्या ताडपत्रीतला एक चांगला तुकडा कापून त्या ओळीवर बांधला होता.

परवा सकाळी मला अडवलंच. हातात खडू. "डाक्टर, आपल्या गावचं सांगा."

"कालपासून सगळी घरं फिरून आलोय, अप्पा. वस्तीवरची पण. आज गावात एकाला पण ताप नाही."

"सोता बगितलं?"

"स्वतः."

"नगरात कुनी?"

"नगरात पण कुणी नाही. फोन केला होता."

अप्पांनी रस्त्यापलीकडं बघून आवाज दिला, "खरं हाय का, बाबूमियाँ?" बाबूमियाँनी मशीन न थांबवता हात वर केला.

मग अप्पा फळ्याकडं वळले आणि काकूंच्या नावाच्या वर, थोडी जागा सोडून, सावकाश, चांगलं अक्षर काढत त्यांनी लिहिलं, निरंक.